कॅप नंबरपासून वेळापत्रकापर्यंत: कॉलेज वॉटर पोलो संघाची माहिती जुळवताना

अमेरिकेतल्या कॉलेजांत पुरुषांचा वॉटर पोलो हंगाम सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो आणि डिसेंबरात एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धेने संपतो. महिलांचा हंगाम साधारण जानेवारी ते मे. म्हणजे हंगामाआधी छापायची पुरुष संघाची माहिती, खेळाडूंची यादी, आकडे आणि वेळापत्रक, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळा करावी लागते.

मी गेल्या वर्षीची फाइल न उघडता नवी यादी करतो. जुन्याच यादीत खाडाखोड केली की हमखास कुणाचं तरी वर्ष बदलायचं राहतं आणि सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचा) झालेला मुलगा कागदावर फ्रेशमनच (पहिल्या वर्षाचा) राहतो. वर्षासाठी रकाने दोन ठेवतो, एक शिक्षणाचा, एक खेळाचा. रेडशर्ट घेतलेल्या, म्हणजे एक हंगाम सामने न खेळता राखून ठेवलेल्या खेळाडूचं कॉलेजचं वर्ष पुढे गेलेलं असतं, पण खेळाचं तिथेच असतं.

उंचीचा रकाना टायपिंगच्या आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून टाकावा. नाहीतर 6-2 (सहा फूट दोन इंच) लिहिलं की अमेरिकन सेटिंगची स्प्रेडशीट त्याचा 2 जून करते. नंतर फॉरमॅट बदलायला जावं तर तिथे भलताच पाच आकडी नंबर येतो आणि उंची पुन्हा हातानं भरावी लागते. जय-पराजयाच्या 12-8 चंही तेच. दुसऱ्या गोलकीपरचा 1ए हा कॅप नंबर (डोक्यावरच्या टोपीचा क्रमांक) तर क्रमवारी लावली की थेट तळाला जातो, कारण मजकूर आकड्यांच्या मागे लागतो. मी क्रमवारीसाठी वेगळा लपवलेला रकाना ठेवतो, त्यात 1ए ला 1.5 देतो.

खेळाची जागा लिहिताना नुसतं ‘अटॅकर’ पुरत नाही. डावखुरा असेल तर तसं लिहायलाच हवं. हल्ल्यात उजवी बाजू डावखुऱ्याची, आणि तो नसला की त्या बाजूने गोलवर मारायचा कोनच बिघडतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘परतणाऱ्या गोलां’चा, म्हणजे यंदाही संघात असलेल्यांनी गेल्या हंगामात केलेल्या गोलांचा. समजा गेल्या हंगामात संघाचे 280 गोल, त्यातले 112 पदवी घेऊन गेलेल्यांचे. मग उरले 168, म्हणजे 60 टक्के. दुसऱ्या कॉलेजातून आलेल्याचे तिकडचे गोल यात मिसळायचे नाहीत, ते वेगळ्या ओळीत. पण माझ्या मते गोलांपेक्षा बोलका रकाना मिळवलेल्या एक्स्क्लूजनचा आहे, म्हणजे फाउल करायला लावून प्रतिस्पर्ध्याला थोड्या वेळासाठी बाहेर घालवण्याचा. चांगल्या सेंटरचे (गोलसमोर खेळणाऱ्याचे) स्वतःचे गोल कधीकधी फारसे नसतात. त्याला आवरताना बचावपटू बाहेर जातो, सहा विरुद्ध पाचची संधी मिळते आणि गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. असा सेंटर गेला आणि आपण फक्त गोल मोजले, तर कागदावर नुकसान दिसतच नाही. गोलकीपरची टक्केवारी काढताना भागाकार अडवलेले अधिक खाल्लेले गोल यांनी करायचा. गोलजाळ्याबाहेर गेलेले फटके त्या भाजकात धरले तर टक्केवारी उगाच घसरते.

वेळापत्रकात एकच प्रतिस्पर्धी तीन-चारदा येऊ शकतो, कधी निमंत्रित स्पर्धेत, कधी कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या ठरलेल्या गटात). कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरला जाणारा सामना कोणता, तिथे फुली हवीच. वेळ तलाव असलेल्या गावची लिहायची आणि पुढे टाइम झोन. पूर्वेकडचा संघ कॅलिफोर्नियात गेला की तीन तासांचा फरक पडतो.

नावांचे उच्चार मी खेळाडूकडूनच फोनवर रेकॉर्ड करून मागवतो. उद्घोषकाला लिहून दिलेल्या उच्चारापेक्षा ते बरं पडतं. छपाईच्या आधी एक प्रत प्रशिक्षकाकडे जाते, तीही कॅप नंबर पक्के झाल्यावरच.