परमँगनेट, क्लोराइड आणि लोहाचे चढे आकडे

गंजाच्या नमुन्यातील लोहाचे प्रमाण परमँगनेटच्या अनुमापनाने (गुलाबी छटा टिकेपर्यंत ज्ञात संहतीचे, म्हणजे तीव्रतेचे, द्रावण थेंबाथेंबाने सोडून) मोजताना ते सतत चढे का येत होते, याचा उलगडा अखेर झाला आहे. ऑक्सॅलिक आम्लावर केलेले परमँगनेटचे प्रमाणीकरण (त्याच्या नेमक्या संहतीची पडताळणी) दर वेळी जुळत असल्याने द्रावणावर किंवा ब्युरेटवर, म्हणजे द्रावण मोजून सोडणाऱ्या नळीवर, संशय घेण्याचे कारण नव्हते. गंजातील फेरिक (त्रिसंयुजी) लोहाचे आधी फेरस (द्विसंयुजी) लोह करण्यासाठी स्टॅनस क्लोराइड लागते; तो प्रश्न बाजूला ठेवण्यासाठी ज्यात लोह फेरस रूपातच असते तो मोहर क्षार घेतला. सल्फ्युरिक आम्लात आकडा बरोबर आला. हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र तो पुन्हा चढला, आणि अंतिम बिंदूची गुलाबी छटा पात्र हलवता हलवताच विरून गेली.

परमँगनेटचा प्रमाण विभव (ऑक्सिडीकरण करण्याच्या क्षमतेचे माप) १.५१ व्होल्ट आणि क्लोरीनचा १.३६ व्होल्ट, त्यामुळे आम्लातील क्लोराइडपासून क्लोरीन सुटणार हे कागदावर उघड आहे. तरीही लोह नसलेल्या विरल, थंड आम्लात परमँगनेटचा रंग बराच वेळ टिकला. म्हणजे खरी कळ लावणारा फेरस आयनच. त्याच्या ऑक्सिडीकरणात मध्येच तयार होणारी मँगनीजची अस्थिर रूपे, विशेषतः त्रिसंयुजी मँगनीज, क्लोराइडलाही सोडत नाहीत. सुटलेल्या सगळ्या क्लोरीनने पुढे फेरसचेच ऑक्सिडीकरण केले असते तर हिशेब बिघडला नसता. पण त्यातील काही उडून जातो आणि तेवढे परमँगनेट फुकट खर्ची पडते.

यावर अनुमापनाआधी द्रावणात घालायचे झिमरमन-राइनहार्ट मिश्रण लागू पडले. त्यातील मँगनीज सल्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल मिळून त्रिसंयुजी मँगनीजचा विभव खाली आणतात. शिवाय फॉस्फेट फेरिकचा पिवळेपणा झाकते, त्यामुळे शेवटच्या थेंबाची गुलाबी छटा जवळजवळ रंगहीन द्रावणावर स्वच्छ उमटली आणि टिकली. ते पाहण्यासारखे होते.

यापुढे १.३३ व्होल्ट विभवाच्या डायक्रोमेटकडे वळण्याचा बेत होता, कारण विरल आम्लातील क्लोराइडला ते हात लावत नाही. परंतु षट्संयुजी क्रोमियमचा विषारी कचरा सांभाळण्याची माझी तयारी नाही. त्यापेक्षा हे लिहिता लिहिता सुचलेला प्रयोग अधिक रंजक वाटतो: मोहर क्षाराचे प्रमाण तेच ठेवून क्लोराइडची संहती वाढवत न्यायची, प्रत्येक संहतीला मिश्रणासह आणि मिश्रणाविना अनुमापन करायचे आणि दोन आकड्यांतील फरकाचा आलेख काढायचा. परमँगनेट जलद आणि सावकाश सोडल्याने तो फरक बदलतो का, हेही त्यातच तपासता येईल.