कोपऱ्यात बसलेल्या बाया

निघायच्या आदल्या रात्री पलंगावर कॅमेऱ्याच्या दोन लेन्स मांडून बराच वेळ बसलो होतो. एक 17-55 मिमीची झूम, वजन 645 ग्रॅम. दुसरी 24 मिमीची पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, 125 ग्रॅम, जाडी जेमतेम 23 मिलिमीटर. दोन्हींचं भोक एफ/2.8 पर्यंत उघडतं (हा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं), म्हणजे अंधारात दोघींना प्रकाश सारखाच मिळणार. झूममध्ये हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे, पॅनकेकमध्ये नाही. पण मला काढायचं होतं झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक, आणि रंगमंचावर धावणाऱ्या नटाला स्टॅबिलायझेशन थांबवत नाही, त्याला शटरच जलद लागतं. झूम कपाटात गेली.

चंद्रपूरहून मूल, पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून दुपारी मार्कंड्याला पोचलो. इथे नदी उत्तरेला वळते, म्हणून या काठाला मान. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात हा देवळांचा समूह पाहून गेला होता. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या रांगा एकीवर एक चढत जातात. कलतं ऊन आडवं पडलं होतं, दगड मधाच्या रंगाचा झाला होता. एफ/8 वर ठेवून भिंत चौकटीत घेतली आणि मागच्या स्क्रीनवर कोपरा मोठा करून पाहिला. अगदी टोकाच्या मूर्तीच्या कमरपट्ट्याचे मणी सुटे सुटे दिसत होते. एवढ्याशा चकतीने हे काढलं याचा मला खरंच आनंद झाला.

पॅनकेकची जात जुनीच. झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फने 1902 मध्ये टेसार नावाची चार भिंगांची लेन्स बांधली, आणि कितीतरी चपट्या लेन्स त्याच मांडणीवरून आल्या. माझ्या लेन्समध्ये सहा भिंगं आहेत, त्या झूममध्ये एकोणीस. भिंगं लहान ठेवली की कडेकडून तिरका येणारा प्रकाश त्यांच्या काठांवर अडतो, कोपऱ्यांपर्यंत कमी पोचतो आणि कोपरे काळवंडतात. एफ/5.6 किंवा एफ/8 वर मधलं भोकच एवढं बारीक होतं की काठांचा अडथळा उरत नाही. म्हणून उन्हातल्या देवळावर तक्रारीला जागा नव्हती. रात्री एफ/8 परवडणार नव्हतं.

गडचिरोली, आरमोरी करत वडशाकडे निघालो. बांध्या रिकाम्या, जागोजाग धानाचे पुंजणे. वडशाजवळच्या गावात मित्राच्या काकांकडे उतरलो. काकूंनी भात, वांग्याची भाजी आणि लाखोळीचं वरण वाढलं, वर आग्रह, "घ्या नं जी, रातभर बसाचं हाये." त्यांचं खरंच होतं. दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ते काका दोनदा सांगून गेले.

रंगमंचामागे ताडपत्रीच्या आडोशाला रंगपट होता. पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवलेला, वर एकच दिवा. एक नट भुवई कोरत होता. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "छोटासाच हाये जी," आणि पुन्हा आरशात वळला. या लेन्सला 16 सेंटिमीटरवरचंही दिसतं, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लावून बसलो तरी काम झालं. काडीला लागलेलं काजळ, पापणीवर थांबलेला हात, ओठांच्या कडेला वाळलेला रंग. मोठी नळी डोळ्यांसमोर धरली असती तर माणूस सावरून बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्या तासाभरासाठी मी पॅनकेकच निवडेन, आजही.

मग पेटी-तबला सुरू झाला आणि मी मागे बायांच्या बाजूला जाऊन बसलो. सबंध मंडप हवा होता: मधे उजेडातला राजा, दोन्ही बाजूंना शाली गुंडाळून बसलेल्या बाया, मांडीवर झोपलेली पोरं. एफ/2.8, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200. स्क्रीनवर फोटो झकास वाटला.

सकाळी ओसरीत लॅपटॉप उघडला. राजा चोख, मिशीचा केस न् केस. कोपरे मात्र नुसते अंधारलेले. उजळवायला गेलो तर अंधाराबरोबर दाणेही वर आले, कारण तिथे आधीच प्रकाश कमी नोंदला गेला होता. जेवढं उजळवावं तेवढा चेहरा वाळूसारखा होत गेला. लेन्सच्या चाचण्यांमध्ये कोपरा म्हणजे विटांच्या भिंतीची कड असते, तिथे थोडं काळं पडलं तर चालून जातं. झाडीच्या नाटकात कोपऱ्यात गाव बसलेलं असतं. घरी हिशेब मांडताना मी फक्त नटाचा विचार केला, प्रेक्षकांचा केलाच नाही. झूमनेही कोपरे थोडे काळे पडलेच असते, पण इतके नाही.

काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या. राजा करणाऱ्याला नावानिशी ओळखलं. मग डाव्या कोपऱ्यातल्या हिरव्या शालीवर बोट ठेवलं.

"हे कोन होय जी?"

दांडीवर त्यांचीच हिरवी शाल वाळत होती. मी सांगितलं तशा त्या आणखी जवळ वाकल्या, पदराने स्क्रीन पुसली आणि पुन्हा पाहिलं.

जानेवारीत शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत आहे, रात्री नाटकही. काकूंना सांगून ठेवलंय, त्याच जागी बसा. झूम बॅगेत आत्ताच टाकली आहे, पॅनकेकच्या शेजारी.