लायडनच्या बाटल्यांमधलं प्रवाळ

नेदरलँड्समधल्या लायडनला बहुतेक लोक उतरतात ते ट्यूलिपच्या बागांची बस पकडायला. मी उतरले भाचीसाठी. ती तिथल्या नॅचरॅलिस संग्रहालयात मऊ प्रवाळांवर पीएचडी करतेय आणि "मावशी, नवी प्रजाती कशी ठरवतात ते एकदा बघच" हा तिचा हट्ट जुना होता.

खाली ट्रिक्स नावाच्या टी. रेक्स डायनासोरच्या सांगाड्याभोवती शाळेच्या पोरांचा गलका होता. तिथे आम्ही थांबलो नाही. इथे 4 कोटींहून जास्त नमुने आहेत, आणि खरी दौलत आतल्या कपाटांत आहे. दार उघडलं की अल्कोहोलचा वास नाकात शिरतो.

तिने काढलेल्या बाटलीत 2009 च्या मोहिमेत इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटाजवळ मिळालेला सिन्युलॅरिया, म्हणजे मऊ प्रवाळांच्या एका गटातला नमुना होता. समुद्रात असताना त्याला रंग असणार. अल्कोहोलमध्ये तो पार उडालेला, आणि उरलेला ऐवज थेट आल्याच्या गड्ड्यासारखा. बाहेरून बघून याचं नाव कोणीच सांगू शकत नाही. शेजारच्या चार बाटल्यांतही असेच गड्डे होते.

ओळख पटते ती आतल्या चुन्यावरून. मऊ प्रवाळाला दगडी सांगाडा नसतो, पण त्याच्या मांसात चुन्याचे असंख्य सूक्ष्म कण असतात. त्यांना स्क्लेराइट म्हणतात. भाचीने प्रवाळाच्या बोटासारख्या फांदीच्या टोकाचा आणि बुंध्याचा, वरच्या थराचा आणि आतल्या गाभ्याचा, असे चार ठिकाणचे कण वेगवेगळे घेतले, कारण जागेप्रमाणे त्यांची घडण बदलते. वर ब्लीचचे थेंब टाकले. बारीक बुडबुडे आले, मांस विरघळून गेलं आणि तळाशी पांढरी पूड उरली. ती पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन काचपट्टीवर घेतली.

सूक्ष्मदर्शकात मी बराच वेळ डोकं खुपसून बसले. वरच्या थरातले कण एका टोकाला जाड, त्या जाड डोक्यावर मधोमध एक उंचवटा. गाभ्यातले मात्र दोन्हीकडे निमुळते, अंगभर फोडांनी भरलेले, आणि इतके मोठे की काही नुसत्या डोळ्यांनाही दिसत होते. त्या फोडांची ठेवण कशी, दाटी किती, यावर सगळा निवाडा. प्रवाळांचे अभ्यासक याकोब फरसेवेल्ट यांनी 1980 साली सिन्युलॅरियाच्या अख्ख्या गटाची फेरतपासणी केली तीही अशाच कणांवरून.

"मग डीएनए कशाला असतो?" मी विचारलं. तोही काढतात. पण अष्टशुंडी प्रवाळांच्या (आठ शुंडांच्या या गटातच मऊ प्रवाळं येतात) मायटोकॉन्ड्रियातले, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातले जीन फार सावकाश बदलतात, त्यामुळे जवळच्या प्रजाती त्यात सारख्याच दिसू शकतात. चुना आणि जीन, दोन्ही साक्षी लागतात.

शिवाय जुन्या प्रजातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून त्यांना नाव दिलं ते, ताडून पाहावेच लागतात, आणि ते जगभर विखुरलेत. 1899–1900 च्या सिबोगा या डच सागरी मोहिमेतले आता लायडनलाच आहेत. आपल्या समुद्रांतून 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाने गोळा केलेल्यांचं वर्णन थॉमसन आणि हेंडरसन यांनी 1906 साली छापलं. त्यातले बरेच कोलकात्यात. कोकणच्या समुद्रातलं एखादं मऊ प्रवाळ उद्या कोणाला नवं वाटलं, तर त्यालाही आधी हीच कपाटं उघडावी लागतील. म्हणून हे संग्रह नीट सांभाळण्यावरचा पैसा मला मुळीच वायफळ वाटत नाही. नमुने टिकवायला वापरलेलं फॉर्मॅलिन आंबट झालं की स्क्लेराइट विरघळतात. बाटली शाबूत, लेबल शाबूत, आणि आतला पुरावाच नाहीसा! असा एक नमुना तिने दाखवला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

तिच्या गड्ड्याला अजून नाव नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांची छायाचित्रं घ्यायचीत, वर्णन लिहायचंय, आणि मूळ नमुना कुठला व तो कुठे ठेवला हे छापून जाहीर झाल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत.

तुम्ही गेलात तर लाइव्हसायन्स दालन चुकवू नका. तिथे संशोधक आणि संग्रहाची माणसं तुमच्यासमोर काम करत असतात, आणि विचारलं तर मनापासून सांगतात. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं पुरतात.