चोकच्या तारेतून धूर

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोनच दिवस झाले होते. नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडच्या आत माझी गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड आहे. मे महिन्यात दुपारी तिथे उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही, म्हणून बारानंतर मी बोनेटखाली डोकं घालत नाही. आर्मेचर, डायनामो असली टेबलावरची कामं काढतो. त्या दिवशी नेमकी भर दुपारी एक लालभडक अँबेसिडर दोर लावून ओढत आणली.

मार्क टू, १९७० ची. मूळचं १४८९ सीसीचं इंजिन काढून त्यात इसुझूचं १.८ लिटरचं बसवलेलं, गाडी खाली घेतलेली, मागे रुंद टायर, बॅटरी पुढून उचलून डिक्कीत. अमेरिकेतली पोरं १९३० च्या दशकापासून जुन्या फोर्डवर जे उद्योग करत आली, तेच हे हॉट रॉडचं खूळ. बोनेट उघडलं तर आतही तोच लाल रंग, आरशासारखा.

मालक पासष्टीचे. घाम पुसत म्हणाले, "भाऊ, सकाळी एका सेल्फमधे उठते. फुटाळा तलावावर नेऊन बंद केली की झालं. धक्काच मारा लागते."

त्यांच्या दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, नवा गुंडाळून झाला होता, कॉइलही नवी होती. शेवटच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, नागपूरचं ऊन आहे, पावसाळ्यात आपोआप बरी होईल.

मी हसलो, आणि तीच चूक केली. गरम गाडी, गरम गाव, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पंप अडकत असणार. पंपावर ओला फडका टाकून तासभर बसलो. खरं तर आधी नीट ऐकायला हवं होतं. ‘गाडी चालू होत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात. एकात सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही; तिथे पेट्रोल आणि ठिणगी बघायची. दुसऱ्यात सेल्फच कण्हतो. ही गाडी कण्हत होती. पेट्रोलचा काही संबंधच नव्हता.

मीटर काढला. बॅटरी नुसती १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना ११.४. म्हणजे बॅटरी दमतच नव्हती! खराब असती तर दहाच्या खाली बसली असती. सेल्फवर मात्र जेमतेम ७.९ पोचत होते. मग साडेतीन व्होल्ट गेले कुठे? डिक्कीपासून आलेल्या जाड केबलवर अर्धा व्होल्ट, एवढ्या लांबीला चालतं. राहिले तीन. मीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली आणि पोराला म्हटलं, मार सेल्फ.

त्याने सवयीने चोकही ओढला, जो गार इंजिन चालू करायला असतो. मी ओरडलो, "काऊन बे, गरम इंजिनला चोक कायले देतो?"

"भाऊ, धूर निघून राहिला ना!"

डॅशबोर्डखाली वाकलो. तिथून इंजिनपर्यंत जाणाऱ्या चोकच्या तारेचं काळं प्लास्टिक मऊ पडून सुटलं होतं. बोट लावलं तर चटका बसला. तिकडे मीटरवर तीन व्होल्ट. कोडं तिथेच सुटलं.

मायनसची केबल डिक्कीत बॉडीला आवळलेली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी होती, पण दोन्ही टोकांखाली तोच आरशासारखा रंग, आणि रंगातून करंट जात नाही. शे-दीडशे अँपिअर करंटला परतीची वाट उरली ती चोकची तार आणि अशाच एकदोन फुटकळ तारा. गार असताना त्या कसाबसा भार ओढायच्या. तापल्या की त्यांचा अडथळा वाढायचा, आणि सेल्फ बसायचा. उन्हाचा दोष असलाच तर एवढाच.

जंपर केबलचं एक टोक ब्लॉकला, दुसरं बॉडीच्या उघड्या बोल्टला लावलं. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू.

खरी मारामारी पुढे झाली. "रंग नका खरवडू, भाऊ. महिनाभर लागला याले." शेवटी रुपयाएवढ्या जागेवर तडजोड झाली. मी पॉलिश पेपरने घासत होतो आणि ते मोबाइलचा उजेड धरून प्रत्येक घासणीला ‘बस, बस’ म्हणत होते. पत्रा चमकला तशी नवी जाड पट्टी आवळली, वर व्हॅसलिन फासलं, डिक्कीतही तेच केलं. परतीच्या वाटेवर आता ०.२ व्होल्ट, सेल्फवर पुरे दहा. चोकची तार बदलली.

पैसे देऊन ते निघाले आणि पन्नास पावलांवर चहाच्या टपरीशी थांबले. बंद केली, चालू केली. बंद, चालू. चौथ्या वेळी टपरीवाला बाहेर येऊन म्हणाला, "काय झालं काका, चालू नाही होऊन राहिली का? धक्का देऊ?"