जलरंगाची वही : नवव्या पानावर टॉवर आला

त्याच टेकडीवर नवव्यांदा जाऊन आलो. आधीच्या आठ पानांवर टेकडी आहे, ओढा आहे, झाडोरा आहे. माथ्यावरचा विजेचा टॉवर मात्र एकाही पानावर नाही. डोळ्यांना खुपतो म्हणून हात आपोआप त्याला गाळत आला.

या महिन्यात अमेरिकी चित्रकार थॉमस मोरानबद्दल वाचत होतो. १८७१ मध्ये तो सरकारी सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर यलोस्टोनला गेला. त्याची जलरंगातली चित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सनचे फोटो अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे ठेवले गेले, आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. चित्रांच्या जोरावर कायदा व्हायला मदत झाली, हे वाचून ऊर भरून आला. पण तिथल्या मूळनिवासी शोशोन लोकांपैकी तुकुडिका हा गट तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. उद्यान झाल्यावर दहा वर्षांच्या आत त्यांना तिथून हलवलं. ‘अस्पर्श निसर्ग’ जपायचं ठरलं, त्यात माणसं बसत नव्हती. तेव्हापासून माझी ती आठ पानं मला खोटी वाटतात. निसर्गचित्रात राजकारण नको, असं म्हणणारे मित्र आहेत. मला वाटतं, काय गाळायचं हे ठरवलं तिथेच ते आलेलं असतं.

म्हणून रविवारी टॉवर काढला. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), सुती, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खडबडीत. आकाशाला अल्ट्रामरीन हा गडद निळा, त्यात किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढगांखालचा दाणेदार करडा पोत आयता मिळतो. घोळ पुढे झाला. कागदाची चकाकी गेली म्हणजे तो वाळला असं धरून रिगर ब्रशने (लांब केसांच्या बारीक ब्रशने) तारा ओढल्या, तर डावीकडच्या दोन फुटून सुरवंटासारख्या झाल्या. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवून बघायला हवी होती. गार लागला की आत ओल आहेच. मग वीस मिनिटं थांबलो आणि उरलेल्या तारा मनगट न वळवता, खांद्यातून हात फिरवत एका दमात ओढल्या. ब्रश जिथे कागदाच्या उंचवट्यांवरून उड्या मारत गेला तिथे तार तुटक उमटली, उन्हात दिसते अगदी तशी.

टॉवर आल्यावर टेकडीची खरी उंची पहिल्यांदा कागदावर दिसली.

ओढ्याकाठी सरपण गोळा करणारे दोघेजण दर खेपेला भेटतात. तेही अजून एकाही पानावर नाहीत. दहाव्या खेपेला आधी त्यांच्याशी बोलणार, त्यांची हरकत नाही ना ते विचारणार, मगच वही उघडणार.