होहोतची साइशांग पेठ: काय खावं, काय घ्यावं, काय तिथेच सोडावं

चीनमधल्या इनर मंगोलियाची राजधानी होहोत. तिच्या जुन्या भागात दाझाओ मंदिराला लागून साइशांग लाओजिए ही पेठ आहे. लांबी चारशे मीटरच्या आतच, त्यामुळे नुसतं चालत गेलात तर पाच-सात मिनिटांत संपते. दोन्ही बाजूंना मिंग-चिंग राजवटींच्या धाटणीची कौलारू दुकानं दिसतात, पण दर्शनी भाग बराचसा अलीकडच्या डागडुजीतला आहे. जुनं आहे ते या जागेचं व्यापारी महत्त्व. दाशेंगख्वेसारख्या शान्शी प्रांतातल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या इथूनच उंटांच्या तांड्यांवर चहाच्या विटा (दाबून विटेसारखा केलेला चहा) लादून उत्तरेला मंगोलियात पाठवायच्या. तिकडे चहाची वीट चक्क चलन म्हणून चालायची.

बीजिंगहून वेगवान रेल्वेने होहोत पूर्व स्थानक दोन-अडीच तासांवर आहे. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि फाटकावर मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही. स्थानकापासून पेठ बरीच लांब, शहराच्या नैर्ऋत्येला आहे. टॅक्सी करा आणि चालकाला ‘दाझाओ’ एवढंच सांगा. अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप घरूनच कार्ड जोडून तयार ठेवा. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसतं, त्यापुढे 3 टक्के लागतं. फुटकळ खरेदी एकाच बिलात गोळा करू नका, ते याच कारणासाठी.

सकाळ शाओमायची, म्हणजे मटण भरून वाफवलेल्या मोदकासारख्या पदार्थाची. पेठेतल्या सजवलेल्या हॉटेलांपेक्षा आसपासच्या गल्ल्यांत, स्थानिक म्हातारे चहाची किटली घेऊन बसलेले दिसतील तिथे शिरा. ही दुकानं पहाटे उघडतात आणि दुपारपर्यंत आवरतात. पारी हातरुमालासारखी पातळ, कडेला चुण्या. आत मेंढीचं मटण, भरपूर कांद्याची पात आणि आलं. आता मुख्य गोम. शाओमाय ‘लिआंग’वर मिळतो, आणि 1 लिआंग म्हणजे 50 ग्रॅम. पण हे वजन फक्त पारीचं असतं, सारण त्यात धरत नाहीत. 1 लिआंगला साधारण 8 नग येतात, काही ठिकाणी 6. ‘शंभर-दीडशे ग्रॅमने काय होतंय’ म्हणून माणशी 3 लिआंग सांगणाऱ्यांच्या पुढ्यात 24 नग येऊन पडतात. एकाला 1 लिआंग पुष्कळ. वरच्या चुण्यांना धरून उचला, आतला रस चटका देतो. गार होऊ देऊ नका, मेंढीची चरबी थिजली की मजा गेली. सोबत विटेचा कोरा कडक चहा घेतात तो त्या चरबीवर उतारा म्हणूनच.

मंगोल दूधचहा ही वेगळी चीज. विटेचा चहा उकळून, गाळून, त्यात दूध आणि मीठ घालतात, साखर नाही. वाडग्यात आधी भाजलेलं राळ्यासारखं बारीक भरडधान्य (चाओमी) घाला, मग लोणी आणि उरूम, मग चहा ओता आणि दोन-तीन मिनिटं थांबा. चाओमी शेवटी टाकली तर कडकच राहते. उरूम म्हणजे आपली साय, फक्त जाड. दूध मंद आचेवर ठेवून पळीने उंचावरून ओतत फेस आणतात आणि रात्रभर ठेवून वरचा थर अर्धचंद्रासारखा दुमडून वाळवतात.

शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. ‘गुओछा’ या कढईतल्या चहात बऱ्याचदा वाळवलेलं गोमांस आधीच परतलेलं असतं, ते नंतर वेचून भागत नाही. मागवतानाच ‘वो छी सू, बू याओ रोऊ’ (मी शाकाहारी आहे, मांस नको) म्हणा. पोटभर जेवायला योउम्येन बरं. ओट्सच्या पिठाच्या बारीक नळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या उभ्या लावून वाफवतात. त्याबरोबर मेंढीचा गरम रस्सा किंवा भाज्यांचा थंड रस्सा मिळतो, थंड घ्या.

आता खरेदी. भावाची सुरुवात सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने करायला हरकत नाही. ‘चांदीचे’ वाडगे पेठभर दिसतात; लाकडाला आतून पत्रा बसवलेला असतो आणि तो बहुतेक वेळा तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा असतो. चुंबकाची युक्ती इथे कुचकामी, कारण तो चांदीलाही चिकटत नाही आणि या मिश्रधातूलाही नाही. शुद्धतेचा शिक्का पाहा आणि ग्रॅमवर भाव मागा. विक्रेता वजन करायला कां-कूं करू लागला तर शोभेची वस्तू समजून तेवढेच पैसे द्या. ‘जुने’ दागिने बहुतेक नवेच असतात, आणि खरे निघाले तर पंचाईत मोठी. चिनी नियमानुसार 1911 पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि मंगोलांसारख्या अल्पसंख्य समाजांच्या वस्तूंना ही मर्यादा 1966 आहे.

घोड्याच्या डोक्याचं मोरिन खूर हे तंतुवाद्य घ्यायचं असेल तर ते दुकानात वाजवून दाखवायला सांगा. भिंतीवर टांगायच्या वाद्याच्या खुंट्या घसरतात, सूर टिकत नाही. कातडी तोंडाचं टाळा, लाकडी तोंडाचं घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कातडं सैल पडतं. वाद्य मीटरभर लांब असतं, विमान कंपनीला आधी विचारा. त्यापेक्षा नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) छोट्या वस्तू सोयीच्या, हलक्या आणि न फुटणाऱ्या. फक्त घरी कसर लागणार नाही एवढं बघा.

मंगोल सुरी मोहात पाडते: म्यानात सुरी आणि चॉपस्टिक्स एकत्र. पण रेल्वेच्या तपासणीत ती काढून घेतात, विमानात हातसामानात चालत नाही आणि कुरियरवालेही अनेकदा नाकारतात. पुढचा प्रवास रेल्वेचा असेल तर बघून ठेवून द्या.

दाझाओ चुकवू नका. मंगोल शासक अल्तान खानाने ते 1579 मध्ये बांधायला घेतलं. आत चांदीची बुद्धमूर्ती आहे. हमरस्त्यापलीकडे शिलितू झाओ हे दुसरं मंदिर आहे, तिथे गर्दी कमी. दोन्ही सकाळी उरका, पेठ संध्याकाळी दिवे लागल्यावर.

हुरूद, म्हणजे वाळवलेला दुधाचा चक्का, आंबट आणि दगडासारखा कडकही मिळतो, मऊही. पाकिटावरची घटकयादी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. नुसतं दूध लिहिलं असेल तर ठीक. साखर आणि दूधभुकटी दिसली तर ती मिठाई आहे. घ्या तेवढं तिथेच संपवा. चीनमधल्या दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर भारताने 2008 पासून बंदी घातली आहे, आणि वाळवलेलं मांसही परवान्याशिवाय आणता येत नाही.