फोकस मागं जातोय की विखुरतोय?

८५ एमएम एफ/१.४ लेन्स फुल फ्रेम बॉडीवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) लावून २ मीटरवरून फोटो काढला, तर धारदार दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा असतो. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि हा पट्टा अरुंद. म्हणजे पुढं सव्वादोन, मागं सव्वादोन. तीनचतुर्थांश वळलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर एवढ्यात काय काय बसवायचं असतं बघा: कानशिलावरून लोंबणारी मुंडावळी, नथ, पापणी, बुबुळ. ऑटोफोकसनं मुंडावळीचा मोती पकडला की डोळा गेलाच. हा लेन्सचा दोष नव्हे.

दोष आहे का हे कळायला एकच गोष्ट बघायची. चूक दरवेळी एकाच बाजूला होते की कधी पुढं, कधी मागं? एकाच बाजूची चूक सुधारता येते. विखुरलेली चूक मेनूतल्या कुठल्याच आकड्यानं सुधारत नाही, आणि लोक तासन्‌तास नेमके तिथंच आकडे फिरवत बसतात.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, मुख्य आरशामागं एक छोटा आरसा असतो. तो उजेड खाली, बॉडीच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडं पाठवतो. फोटो मात्र दुसऱ्याच सेन्सरवर उमटतो. हे दोन रस्ते तंतोतंत सारखे नसले की फोकस सरकतो. एफ/५.६ वर ते झाकलं जातं, एफ/१.४ वर उघडं पडतं.

चाचणीला 'तरुण भारत'चं पहिलं पान भिंतीवर सपाट चिकटवा. ठळक मथळा चांगलं लक्ष्य असतो, पण मधलाच क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) फोकस पॉइंट वापरा. कडेचे बरेच पॉइंट एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. त्यांना नुसती शिरोरेघ मिळाली तर ते चाचपडतात. अंतर फोकल लेंग्थच्या (लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याच्या) ५० पट, म्हणजे ८५ एमएमला सव्वाचार मीटर, ५० एमएमला अडीच. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, सिंगल एएफ (एकदाच लागून थांबणारा ऑटोफोकस), २ सेकंदांचा टायमर, छिद्र पूर्ण उघडं. प्रत्येक शॉटआधी रिंग फिरवून फोकस घालवा, पाचदा अनंताकडून, पाचदा जवळून. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून, फोटोच्याच सेन्सरनं) फोकस करून एक फोटो काढा. तो तुमचा मापदंड. कागदाशेजारी ४५ अंशांत पट्टी तिरकी ठेवली की फोकस किती नि कुठं सरकला ते दिसतं. उजेड भरपूर हवा. पावसाळ्यात जांबोटी-खानापूरकडं भर दुपारी ट्यूब लावावी लागते, तिथं हा उद्योग दिवाळीनंतरच केलेला बरा.

दहाही फोटो एकाच बाजूला चुकत असतील तर मेनूतल्या एएफ फाइन ट्यूनमध्ये (हे निकॉनचं नाव, कॅननवाल्यांचं मायक्रोॲडजस्टमेंट) उणे २० ते अधिक २० अशी जागा असते. फोकस पुढं पडत असेल तर अधिक, मागं पडत असेल तर उणे. आधी ५ नं हला, मग बारीक करा. निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डीसारख्या बॉडीत ही सोयच नाही. पण लेन्स सिग्माच्या आर्ट मालिकेतली असेल तर यूएसबी डॉकनं (लेन्स कॉम्प्युटरला जोडणाऱ्या तबकडीनं) चार वेगवेगळ्या अंतरांना लेन्सच सुधारता येते.

एक मेख आहे. दिवसाच्या उजेडात काढलेला आकडा हॉलच्या पिवळ्या दिव्यांत चुकू शकतो, कारण लेन्स वेगवेगळे रंग किंचित वेगळ्या अंतरावर गोळा करते. निपाणी-चिकोडीकडच्या संध्याकाळच्या रिसेप्शनच्याच ऑर्डरी जास्त असतील तर चाचणीही तसल्याच दिव्यात करा की!

आता विखुरलेल्या चुकीचं. पहिला संशयित: मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस धरून मग चौकट हलवणं. २ मीटरवर कॅमेरा १० अंश वळवला तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या ३ सेंटिमीटर मागं जातं, आणि आपल्याकडं तर सव्वादोनच आहेत! त्यापेक्षा पॉइंटच डोळ्याजवळ न्या. दुसरा: फोकस लागल्यावर तुमचं नाहीतर नवरीचं डुलणं. तिथं सतत फोकस आणि तीन-चार फोटोंची झड हाच इलाज. अंतरपाटाच्या वेळी एफ/२.८ च्या खाली जाऊच नये.

मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस फोटोच्याच सेन्सरवर होतो, म्हणून वरची जुळवणी सहसा लागत नाही. डोळा ओळखणारा फोकस मात्र मुंडावळीला फसतो. कॅमेऱ्याला डावा-उजवा डोळा निवडता येत असेल तर मोती आडवे न येणारा डोळा निवडा.